मजकुराला बांधलेले फोटो

छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. तरी एकदा फजिती झालीच. एका संस्थेचा वार्षिक अंक छपाईला जायच्या तोंडावर तिच्या अध्यक्षांनी आपल्या भाषणात चार ओळी वाढवल्या. मजकूर खाली सरकला, फोटो मात्र जागचे हलले नाहीत. कुणाची तरी श्रद्धांजली घसरली ती नेमकी अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोखाली जाऊन बसली. अंक तसाच छापून वाटला गेला आणि अध्यक्षांच्याच घरी माणसं सांत्वनाला गेली.

तेव्हापासून काकू प्रत्येक फोटो त्याच्या परिच्छेदालाच बांधून टाकतात. मजकूर हलला की फोटोही आईचं बोट धरलेल्या पोरासारखा मुकाट मागे चालू लागतो.

यंदाही अध्यक्ष ऐनवेळी कागद घेऊन आलेच. काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या, सगळा मजकूर टाइप केला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. भाषण पानभर वाढलं होतं, पण एकाही फोटोने आपला मजकूर सोडला नव्हता.

अध्यक्षांनी चाचरत विचारलं, "काकू, या वेळी मी जिवंत आहे ना?"

"आहात," काकू ताठ मानेने म्हणाल्या. "आणखी दहा पानं बोललात, तरी मी तुम्हाला मरू देणार नाही."