भाऊजींची झोप

त्याला सगळे टकटक्या म्हणत. समुद्राकाठच्या जुन्या इमारती तपासायच्या, हे त्याचं काम. वादळांचे दिवस यायच्या आधी तो हातोडीने भिंती, तुळया, गॅलऱ्या ठोकत फिरे. खणखणीत आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की खडूची फुली. खाऱ्या हवेने आतली सळई गंजून फुगते, सिमेंट सुटतं आणि वरून रंग मात्र झकास! फुली म्हणजे घर रिकामं करा, म्हणून लोक त्याला शिव्याशाप देत. याने कुणाची भीड ठेवली नाही. शाळासोबत्याच्या घरावरही फुली मारली. त्याने बोलणं टाकलं, तरी याच्या कपाळावर आठी नाही.

ताईकडे गेला तेव्हा मात्र तिने दारातच ओठांवर बोट ठेवलं. दम्याने रात्र रात्र बसून काढणारे भाऊजी गॅलरीतल्या आरामखुर्चीत झोपले होते.

"आत्ता कुठे डोळा लागलाय रे त्यांचा."

"गॅलरी तेवढी राहिलीय, ताई."

"मग ती हातोडी नको वाजवूस."

त्याने हातोडी चपलांजवळ ठेवली आणि बोट मुडपून टकटक केलं. आवाज भरीव वाटला. बोटाला वरचा थर कळतो, आतला नाही, हे नव्या माणसांना तोच कानीकपाळी ओरडून सांगे. कागदावर 'ठीक' लिहिलं. पुन्हा येऊन ठोकू म्हणाला आणि कामाच्या रगाड्यात ते राहूनच गेलं.

तीन आठवड्यांनी वादळाने शहराला दोन दिवस झोडपलं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. भाऊजी हौसेने गॅलरीत जाऊन बसले आणि पाणी पिऊन जड झालेली गॅलरी खुर्चीसकट खाली आली. भाऊजी जागच्या जागी गेले. ढिगाऱ्यातली सळई त्याने उचलली, तर चिमटीत तिचा भुगा झाला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई सांगे, "धाकटा फार मायेचा आहे हो माझा. हातोडी बाहेर ठेवली, पण त्यांची झोप नाही मोडली." तो खाली मान घालून ऐके. ऐकून ऐकून त्याला जगणं नकोसं झालं. एकदा सगळे गेल्यावर त्याने सांगून टाकलं, "ताई, हातोडीने ठोकलं असतं ना, तर कळलं असतं."



"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "आणि वाजवू नकोस असं कोण म्हणालं होतं? लोकांसमोर तेवढं झोपेचंच बोलू दे रे मला."