यांनी आधी त्याला सांगितलं

त्याच्या हातात काहीही द्या, चावी, डबा, नाहीतर नुसता कागद, तो दोन्ही पंजे पुढे करायचा, अंगठ्याला अंगठा लावून, आणि वस्तू हातात येईपर्यंत तिच्यावरची नजर हलवायचा नाही. आली की छातीशी ओढून थेट काखेत. पोह्यांची बशी काखेत मारता येत नाही हे त्याला आमच्या दारात पहिल्यांदा कळलं. शेव, खोबरं, सगळं पायरीवर. मी कपाळाला हात लावला. तो म्हणाला, "नेक्स्ट वन, मॅम." म्हणजे, झालं ते गेलं, आता पुढचं बघू. बल्ब गेला तरी नेक्स्ट वन, विमान चुकलं तरी नेक्स्ट वन. तुमच्याही माहितीत असा एखादा असेल, बघा, ज्याचं नाव आठवायच्या आधी त्याचं वाक्य आठवतं.

हा अमेरिकन आमच्या समोरच्या घरात आला तेव्हा आम्ही सौदीतल्या रास तनुऱ्यात चांगले मुरलो होतो. यांची कंपनी रिफायनरीची कंत्राटी कामं घ्यायची आणि हे तिथे इंजिनियर. मुलगा पुण्याला कॉलेजात, घरात आम्ही दोघंच. बाईमाणसाने गाडी चालवायची नाही, आठवड्यातून एकदा बस खोबर शहराच्या बाजाराला न्यायची तेवढंच बाहेर पडणं. म्हणून संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही दोघं कंपाउंडच्या, म्हणजे आमच्या बंद वसाहतीच्या, भिंतीकडेने चालायला जायचो. दिवसभराचं बोलणं तेव्हाच. कोणाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, अडकला, ज्याच्या नावावर व्हिसा तो कफील काय म्हणाला, भेंडी केवढ्याला मिळाली. मला त्या देशात जे काही माझं म्हणून होतं ते एवढंच होतं. त्यामुळे पुढे मी जे बोलणार आहे त्याचा राग मानू नका.

तो कंपाउंडचा जिम आणि पोहण्याचा तलाव बघायचा. पण त्याचा मूळ धंदा चेंडू पकडण्याचा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पायाचं काम फारसं नाही. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, कच्च्या पपईसारखा. एक जण तो लांब फेकतो, आणि हा आधी ठरलेल्या वाटेने धावत जाऊन तो हवेत झेलतो. मागून रेड्यासारखी माणसं अंगावर येत असतात ते वेगळंच. या पकडणाऱ्याला वाइड रिसीव्हर म्हणतात. हे सगळं मला यांनी चार-पाच वेळा समजावलं, मी न विचारता.

तुम्ही म्हणाल, मोठा खेळाडू असेल. नव्हता. तोच सांगायचा, "टीव्हीवर दिसलोय, मॅम, पण बाकड्यावर बसलेला." दहाएक वर्षं खेळला आणि इतक्या संघांतून खेळला की बोटांवर मोजायला बसला की एक संघ दर वेळी विसरायचा, आणि दर वेळी वेगळा. तिकडची रीत अशी की उन्हाळ्यात हवीत त्याहून जास्त माणसं बोलवायची आणि मोसम सुरू व्हायच्या आत उरलेल्यांना घरी पाठवायचं. सकाळी दारावर टकटक होते. एक माणूस उभा असतो. "साहेबांनी बोलावलंय, डावांची फाइल घेऊन ये." फाइल घेऊन ये म्हटलं की समजायचं, खलास. फाइल संघाची, ती परत द्यायची. मग दुसऱ्या गावी कोणाचा गुडघा निखळला की याला फोन. हा बॅग उचलून तिकडे. धावायची वाट तीच, पण प्रत्येक संघात तिचं नाव वेगळं, ते रातोरात पाठ करायचं. एकदा तर त्याला मिळालेल्या शर्टावरचं आधीच्या माणसाचं नाव उसवलेलं होतं आणि सुईची भोकं तशीच होती. त्या भोकांवर याचं नाव शिवलं. चौथ्या गावाला बायको म्हणाली, "तू हो पुढे, मी खोकी उघडत नाही." ती मागून आलीच नाही.

हे सगळं तो घरांसमोरच्या हिरवळीवर उभं राहून सांगायचा, आणि आमचे हे तोंड उघडं टाकून ऐकायचे. एकाच कंपनीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला या भटक्याचं काय एवढं, मला कळायचं नाही.

यांनी एकदा विचारलं, "पण सामन्यात चेंडू किती वेळा यायचा तुझ्याकडे?"

"कधीकधी एकदाही नाही."

"मग एवढा पळायचास कशाला?"

"मी जीव तोडून पळालो की समोरचा एक माणूस माझ्यामागे येतो. म्हणजे आमच्या दुसऱ्याला तो एक कमी. आज चेंडू माझ्याकडे येणार नाही हे फक्त मला माहीत असलं पाहिजे."

हे आमच्या यांना इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी ते मला सांगितलं, जेवताना पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसच्याच पँटमध्ये ते त्या हिरवळीवर चेंडू फेकायला लागले.

"या वयात बोटं मोडून घ्यायचीत का?" मी म्हटलं.

"अगं, पंधराच मिनिटं. मग जाऊ चालायला."

पंधरा मिनिटांची मगरिबची, दिवेलागणीची बांग व्हायची. चालणं संपलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. चेंडू नीट गिरकी घेत गेला की हे असे हसायचे की नाशिक सोडल्यापासून ते हसणं मी ऐकलं नव्हतं. वर माझ्या लोणच्याची बरणी मला न विचारता त्याच्या घरी गेली. मत्सर म्हणे बायकांनी बायकांचा करायचा असतो. मी सहा फूट तीन इंचांच्या, टक्कल पडलेल्या, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधणाऱ्या बाप्याचा करत होते, आणि मनापासून करत होते.

मग एकदा तो डबा परत द्यायला आला. डबा दिला आणि दारातच उभा राहिला. "मॅम, बातमी ऐकून वाईट वाटलं. पण तो चांगला माणूस आहे. त्याला दुसरा संघ मिळेल."

माझ्या हातातला डबा हातातच राहिला. "हो, हो. येस," मी म्हटलं. पण चेहऱ्याचं काय करणार? त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो मटकन पायरीवर बसला. त्याला वाटलं होतं, मला माहीत असणार. तो स्वतः जेव्हा जेव्हा काढला गेला तेव्हा बॅग भरायच्याही आधी बायकोला फोन करायचा. बायको होती तोवर. दुसऱ्या घरी याहून वेगळं असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

एवढंच कळलं की यांचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नव्हतं. आणि हे माझ्या आधी त्याला कळलं होतं. नोकरी जाण्याचं दुःख मला नंतर झालं, खोटं कशाला सांगू. आधी दुसरंच झालं.

मी ठरवलं, विचारायचं नाही. ते सांगतील.

"ऑफिसात काय विशेष?"

"काही नाही."

"तुमच्या हाताखालचा तो इथला सौदी मुलगा? काम शिकला का?"

"शिकला. हुशार आहे." आणि आमटीत बघत बसले.

शुक्रवारी पुरणपोळ्या केल्या. पोट भरलं की माणूस बोलतो असा माझा अनुभव. हे पोट भरून झोपले. संध्याकाळी उठून चेंडू घेऊन गेले.

शेवटी यांची शिफ्ट असताना मीच समोर गेले. माझं इंग्रजी मोडकं, पण रागात असले की चांगलं येतं. "तू त्यांना सांग," मी म्हटलं, "की मला सांगा."

"नो, मॅम. ते त्यालाच करावं लागेल."

"तुला बरं सांगता आलं त्यांना."

त्याने मला खुर्ची दिली, स्वतः एका खोक्यावर बसला. म्हणाला, "संघातून काढलेल्या माणसाकडे बाकीचे बघत नाहीत, मॅम. वाईट म्हणून नाही, त्यांना भीती वाटते. त्याची बॅग उचलायला जो येतो तो आधी कधीतरी काढला गेलेलाच असतो. म्हणून तो माझ्याकडे आला. तुमच्यापुढे त्याला अजून संघात राहायचंय."

त्याने समजूत घालण्यासाठी सांगितलं. मला ते जास्तच लागलं. म्हणजे खरा माणूस हिरवळीवर आणि माझ्या ताटावर बसणारा तो सोंगातला. मी उठले, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की खोकी एकावर एक रचलेली आहेत आणि भिंतीवरची चित्रं उतरलेली आहेत.

"हे काय?"

"माझंही खलास, मॅम. जिम दुसऱ्या कंपनीकडे गेला. बुधवारी विमान."

"यांना माहीत आहे?"

"नाही. त्याला सध्या स्वतःची बॅग पुरे. तुम्हीही बोलू नका."

रस्ता ओलांडताना मला बरं वाटलं. बिचाऱ्याची नोकरी गेली होती आणि मला बरं वाटत होतं. एक गोष्ट माझ्याजवळ होती जी यांच्याजवळ नव्हती, आणि ती त्याने आधी मला सांगितली होती.

त्याच आठवड्यात मी मेथी निवडत होते, तर हे येऊन समोर बसले आणि न सांगता काड्या मोडायला लागले. "अगं, एक सांगायचं होतं."

"मला माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तुम्ही ज्याला सांगितलंत त्याने."

बराच वेळ मेथीच मोडत राहिले. "तुला काळजी लागली असती," म्हणाले.

"आणि त्याला नाही लागली?"

"त्याला सवय आहे गं." मग मात्र सगळं बोलले. जागेवर तोच मुलगा बसणार होता, यांनीच शिकवलेला. चार महिन्यांनी फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा. हे बोलत होते आणि मी ऐकत होते, पण हे बोलणं एकदा दुसऱ्याकडे होऊन गेलेलं आहे हे मला वाक्यावाक्याला कळत होतं. कुठे थांबायचं हेसुद्धा ठरून गेलं होतं.

गुरुवारी सुट्टी. हे चेंडू घेऊन गेले आणि लगेच परत आले. "घराला कुलूप आहे. गेटवरचा म्हणतो, काल एअरपोर्टला गेला सामानासकट. मला काही बोलला नाही तो."

"मला बोलला होता."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला काळजी लागली असती."

वाटलं आता ओरडतील. पण ते सोफ्यावर बसले, चेंडू मांडीवर घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. माझा सूड तिथेच फिटला म्हणायचा. पण मुलाच्या वेळी मी पाच महिने माहेरी जाऊन राहिले तेव्हा स्टेशनवर हे पेपर वाचत होते, ते मला त्या क्षणीही आठवलंच.

त्यानंतर दोन महिने पुण्याच्या एका कंपनीशी बोलणं चाललं होतं. होईल, होणार नाही. मुलाची फी होती, परत जाऊन या वयात दारोदार फिरायचं का, ही धास्ती होती. आम्ही पुन्हा चालायला लागलो होतो, पण ते अर्धवट बोलायचे.

एका दुपारी शमालचं, वाळू घेऊन येणारं वारं नुकतंच थांबलं होतं. सगळ्यावर पिवळी धूळ. मी खिडकीशी होते. हे बसमधून उतरले तेच फोन कानाला लावून. तिथेच उभे राहून बोलले, मान हलवली, फोन खिशात ठेवला. चेहऱ्यावरूनच कळलं की काम झालं. मग ते निघाले, झपझप, पण आमच्या दाराकडे नाही. समोरच्या. तिथे कोणी नवं आलेलं नव्हतं, काचांना आतून वर्तमानपत्रं लावलेली होती. हे त्या पायऱ्या चढले, धुळीत घोट्यापर्यंत पाय, आणि दार वाजवायला हात वर केला. तो हात तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि रस्ता ओलांडला.

मी खिडकीपासून बाजूला झाले. दार उघडलं तेव्हा हे हसत उभे होते.

"अगं, पुण्याचा फोन होता. झालं काम. तुलाच आधी सांगतोय."

"बूट बाहेर काढा," मी म्हटलं. "धूळ आहे त्यांना."