तोंड न धुणारा आगवाला

पाळी संपली की शेडमधल्या नळावर आम्ही सगळे अंग घासत बसायचो. तो मात्र कोपरापर्यंत हात धुवायचा, पायांवर पाणी घ्यायचा आणि निघायचा. कुणी साबण पुढे केला की म्हणायचा, "तोंड ऱ्हाऊ द्या."

तेव्हा घाटात वाफेची इंजिनं होती. मी लोणावळ्याच्या शेडमध्ये फिटर, तो इंजिनात कोळसा टाकणारा आगवाला. वय असेल वीस-बावीस. घर कार्ल्याजवळ, शेतीवाडीचं. काजळीने माखलेलं तोंड घेऊनच तो भर बाजारातून गावाकडे चालत जायचा. सुरुवातीला मला तो नुसता आळशी वाटला.

एकदा इंजिनात पाणी भरताना तोटी त्याच्यावरच उलटली आणि काजळीखालून गोरापान, घाऱ्या डोळ्यांचा, तांबूस केसांचा पोरगा निघाला. आमचा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर त्याच्यापुढे सावळा दिसायला लागला. सगळे हसले, तो सोडून.

तुम्ही मावळात हिंडला असाल तर तुम्हालाही माहीत असेल, असे घारेगोरे इथे गावोगाव सापडतात. पण त्याची आई त्याच्या जन्माआधी खंडाळ्याला एका साहेबाच्या बंगल्यात भांडी घासायला जायची, आणि तो लहान असतानाच ती वारली. लोकांना एवढं पुरलं.

एका थंडीत ड्रायव्हरने त्याला आपला जुना खाकी कोट आणि टोपी दिली. ती घालून, तोंड धुऊन तो बाजारात गेला, तर हवालदाराने सलाम ठोकला आणि वाण्याने खुर्ची झटकून पुढे केली. याने विचारलं, बाजरी हाय का वो? वाण्याने खुर्ची आत ओढून घेतली. हे सांगताना तो स्वतःच पोट धरून हसत होता. मग थांबून म्हणाला, "खुर्चीचं काय न्हाई. पर त्यो वानी मागनं म्हनला, बाप साहेब आन् खायाला बाजरी." कोट त्याने दुसऱ्या दिवशी परत केला.

पुढे कान्हे गावच्या एका मुलीशी त्याचं जमत आलं. बघायला जाताना त्याने धोतर, बंडी आणि लाल पागोटं असा गावाकडचा पोशाख केला. मुलीच्या मामाने त्याला खालीवर न्याहाळलं आणि भर बैठकीत त्याच्या वडिलांना, आबांना विचारलं, "सोंग बरं आनलंय. बाप कोन ह्याचा?"

आबा गप्प राहिले. पानसुपारीला हात न लावता बापलेक उठून आले.

ते गप्प राहणं त्याच्या जिव्हारी लागलं. नळावर बसून मला म्हणाला, "मामा काय बी बोलंल. आबा का बोललं न्हाईत, भाऊ?" त्यानंतर सुटीच्या दिवशी तो उघड्या अंगाने उन्हात पडून राहायचा. कातडी काळी व्हायची सोडून लाल व्हायची, सोलून निघायची. आम्ही आधी चेष्टा केली, मग आमच्याने करवेना. आबांनी चारचौघांत एकदा म्हणावं, हा माझा. बाकी त्याला काही नको होतं.

मग एके दिवशी घाटात वाफेची नळी फुटली. छातीपोट भाजून निघालं, तोंड तेवढं वाचलं. ड्रायव्हर त्याला दवाखान्याच्या दारात उतरवून इंजिनावर परतला आणि मी आबांना आणायला धावलो. आम्ही पोचलो तर देशी लोकांच्या खोलीत तो नव्हता. अंगाला चिकटलेले कपडे कापून आणि काजळी पुसून दवाखान्यातल्यांनी त्याला साहेब लोकांच्या वॉर्डात पंख्याखाली निजवला होता. आबांचं पागोटं आणि खांद्यावरची घोंगडी बघून दारावरच्या शिपायाने त्यांना अडवलं. मी सांगून थकलो, तो ऐकेना. आबा नुसते उभे.

आतून हाक आली, "आबा, पानी."

नर्सने त्याच्याकडे पाहिलं, मग दारातल्या आबांकडे. पाणी राहिलं बाजूला, आधी त्याला स्ट्रेचरवर घालून मागच्या पत्र्याच्या खोलीत हलवलं. उचलताना तो ओरडला, ते ओरडणं अजून माझ्या कानातून गेलेलं नाही. तिथे तो आबांच्या तोंडाकडे टक लावून पडला होता. आबा त्याचे पाय चेपत राहिले. संध्याकाळी तो गेला.

गावी अंगणात माणसं जमली. अंघोळ घालताना चुलत्याने त्याच्या तोंडावर फडकं ओढलं. लोकांनी बघू नये म्हणून असेल. आबांनी ते काढून घेतलं.

"तोंड धुवा," ते म्हणाले. "नीट धुवा. बगू द्या समद्यास्नी. माजा पोरगा हाय."

मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला. एक दिवस आधी बोलला असता तर काय बिघडलं असतं?

आपल्यात बाप गेला की मुलाच्या डोक्याला पागोटं बांधतात. आबांनी आपलं पागोटं उतरवलं आणि त्या तांबूस केसांवर सावकाश बांधलं. मग उघड्या डोक्याने हातात मडकं घेऊन ते तिरडीपुढे उभे राहिले. त्यांचं बोडकं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होतो. चेहरा उन्हाने करपलेला, पण पागोट्याखाली जन्मभर झाकलेलं कपाळ पोराच्या तोंडाइतकंच गोरं होतं.