फोटोतला रस्ता

आमच्या ऑफिसात पूर्वी फायली साचायच्या. एआय आल्यापासून फायली झटपट निघतात आणि किस्से साचतात. ऑफिस शहापुरात आहे. खातं कुठलं ते विचारू नका, माझी सहा वर्षं नोकरी बाकी आहे.

*

डोळखांबच्या डोंगरातल्या एका पाड्यावरून सोनीबाई अर्ज घेऊन आली. पाड्याला रस्ता द्या, अडलेली बाई दवाखान्यात वेळेवर पोचत नाही. साहेबांनी एआयकडून उत्तर लिहून घेतलं आणि मी ते तिला वाचून दाखवलं. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपला दिवस आनंदात जावो."

"बरा," ती म्हणाली. "नि रस्ता?"

*

मग वरून परिपत्रक आलं. एआयचं प्रत्येक काम माणसाने तपासावं, कुणाच्या प्रतिष्ठेला धक्का लागू नये. आम्ही पडलो नियम पाळणारे! त्याच दिवशी 'मानवी पडताळणी केली' असा शिक्का बनवून घेतला. मारायचं काम माझ्याकडे. चहा संपेपर्यंत चाळीस मारले, एकही कागद न वाचता.

*

पुढे रस्ता मंजूर झाला आणि महिन्याभरात कॉन्ट्रॅक्टरचा 'काम पूर्ण' म्हणून फोटोही आला. गुळगुळीत डांबर, दोन्ही बाजूंना नारळ. डोळखांबच्या डोंगरात नारळ!

"वृक्षारोपणही केलंय, वा," साहेब म्हणाले. मी शिक्का मारला.

*

रस्ता कधी सुरू होणार, हे विचारायला सोनीबाई परत आली. मी तिला फोटो दाखवला. त्या रस्त्यावर ती स्वतःच हसत उभी होती. कॉन्ट्रॅक्टरने पाड्यावर मोबाइलवर तिचा फोटो काढला होता, बाकीचं एआयने केलं.

तिने फोटो डोळ्यांजवळ धरला. "माजे पुढले दात कवाच पडले. हे कुनाचे लावले? मला इचारला व्हता का कुनी?"

तिने फोटोवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"नि हा शिक्का कुनाचा?"

"माझा," मी म्हणालो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

*

त्या दिवशी मी स्वतःच्या हाताने फायलीवर लिहिलं, फोटो खोटा आहे. साहेब चिडले, पण प्रत्यक्ष पाहणीला निघावंच लागलं. आमची जीप ओढ्यापाशी थांबली, पुढे नुसती पायवाट. तिथे सोनीबाई आणि पाड्यावरचे चार गडी बांबूला चादरीची झोळी बांधून उभे होते.

"पेशंट कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"कोन नाय," सोनीबाई म्हणाली. "आमची अडलेली बाय याच्यातनं येते. आज तुमी बसा, साहेब. फकस्त हलू नका, खाली दरी हाय."