शब्द खायचे नाहीत

अंजनाबाईंच्या क्लासात कुणी ‘आयड गॉन’ म्हणालं की त्याची धडगत नसे. सांगलीच्या विश्रामबागेत औषधाच्या दुकानावर त्यांचा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास. भिंतीवरच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत एकच नियम: शब्द खायचे नाहीत.

त्या दिवशी वीरधवल उशिरा आला. कुरिअरच्या गाड्या बघणारा, चांगला दाढीमिशीवाला बाप्या.

“सॉरी मॅडम, आयड गॉन टू मिरज.”

“आय हॅड! हॅड! घरी जेवायला मिळत नाही का, की शब्द खाता?”

“पण मॅडम, आता सगळं जग असंच बोलतंय. आयड गॉन, हीड सेड, दे’ड लेफ्ट. आमचं गेल्तो-आल्तोच की ते. आमाला सोपं जातंय.”

वर्ग फिस्सकन हसला आणि बाईंचा पारा चढला. “गेल्तो-आल्तो बोलायचं असेल तर कडेगावच्या पारावर जाऊन बसा. इथं माझा वेळ घालवू नका!” वीरधवलनं वही उचलली आणि तो खरंच निघून गेला. जाईना का, त्यांना काडीचं वाईट वाटलं नाही.

एवढा राग कशाचा, म्हणाल. अंजनाबाई मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीकडच्या. सांगलीच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, कधी आलीस? ही पोर म्हणाली, “कालच आल्ते.” झालं! अख्खा वर्ग खदखदला, आणि पुढं तीन वर्षं तिचं नाव ‘आल्ते’च पडलं. त्या पोरीनं मग जिभेला असा काही रंधा मारला, की बोलण्यात गावाचा एक कपचा राहिला नाही. मराठी अख्खी, इंग्रजीही अख्खी. स्वतःच्या लेकीलाही, पूजालाही, त्यांनी त्याच रंध्याखाली घातलं. पोरगी बँकेत लागली तरी घरात चुकून ‘आयड’ म्हणाली, की बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

आणि अशा घरात सासू कोण? तर हरणाबाई! कडेगावची, उसाच्या फडात उभं आयुष्य काढलेली, आवाज बांधावरून बांधावर जाणारा. अंजनाबाईंचा नवरा मिलिटरीत, तिकडं आसामात. त्यामुळं फ्लॅटमध्ये ह्या दोघी आणि मधे पूजा. गावाकडं सासूला आत्याबाई म्हणतात. अंजनाबाई मात्र ‘आई’ म्हणत, तेही फणकाऱ्यानं.

“आई, गॅलरीतून ओरडू नका. लोक ऐकतात.”

“आयकू देत की! मी काय चोरी केल्ती?”

“‘केली होती’ म्हणा.”

“तू म्हन. मला हाय तसंच बरं हाय.”

असं रोज चालायचं. दोघींचं एकमेकींवाचून अडायचं, आणि एकमेकींचं तोंड बघवायचं नाही.

तेवढ्यात पूजाला साताऱ्याचं स्थळ आलं. मुलगा साईराज, बंगळुरात नोकरीला. दोघं आधी बाहेर भेटली, दोघांचं जमलं, पोरगी भलतीच खुशीत होती. पाहुणे रविवारी यायचे ठरले. सकाळीच अंजनाबाईंनी सासूला खोलीत गाठलं.

“नवी साडी नेसा, नमस्कार घ्या आणि गप्प बसा. पाहुणे उठेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मोठी शिकलेली माणसं आहेत, तुमच्या बोलण्यापायी पोरीचं हसं नको.”

हरणाबाईंनी सुनेकडं नुसतं पाहिलं. पदर डोक्यावर ओढला आणि त्या बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या.

पोहे झाले, चहा झाला. साईराज हसून म्हणाला, “आयड हर्ड सो मच अबाउट यू, आंटी.” अंजनाबाईंच्या जिभेवर ‘आय हॅड’ आलंच होतं. होणारा जावई म्हणून गिळलं, दुसरं काय! मग साईराजची चुलती बोलता बोलता म्हणाली, “आमच्यात देवकाला कळंबाची फांदी लागते बाई. इकडं मिळते ना?”

“सगळं मिळतं हो, ऑनलाइन मागवू,” अंजनाबाईंनी झटकून टाकलं. असल्या फांद्याबिंद्या त्यांच्या लेखी अडाणीपणा. स्वतःच्या लग्नात नवऱ्याच्या घरी देवक म्हणून कुठलं झाड पुजलं होतं, हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

हरणाबाईंच्या हातातली बशी तेवढी थांबली. त्यांनी चुलतीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, तोंड उघडलं. अंजनाबाईंनी असे काही डोळे वटारले, की म्हातारीनं ते पुन्हा मिटलं. उरलेला चहा तिनं बशीत ओतून शांतपणे भुरकला.

सुपारी फुटली. पूजानं मैत्रिणींना सांगितलं, हॉल बघितला. आणि आठवड्याभरानं साईराजच्या चुलत्यांचा, आप्पासोंचा फोन आला.

“ताई, राहूनच गेलं विचारायचं. तुमचं देवक कुठलं?”

“आम्ही तसलं काही मानत नाही.”

“आमी मानतो. इचारून सांगा.”

फोन तसाच धरून अंजनाबाईंनी आत विचारलं. देवघरापुढं वाती वळत बसलेल्या हरणाबाई मान वर न करता म्हणाल्या, “कळंब.”

ते फोनवरही ऐकू गेलं. मग आप्पासो हळू आवाजात म्हणाले, “आडनावं निराळी असली तरी देवक एक म्हणजे भावकी झाली, ताई. पोरगी बहीण लागती त्याची. आता न्हाई जमायचं.” अंजनाबाई बोलल्या, भांडल्या, शेवटी हातापाया पडल्या. तिकडून फोन बंद झाला. पूजानं साईराजला लावला, पुन्हा लावला. त्यानं उचलला नाही. बंगळूर आणि इंग्रजी सगळं चुलत्याच्या धोतरामागं जाऊन बसलं, भेकड मेला!

अंजनाबाई तडक देवघरापुढं आल्या. डोकं असं फिरलं होतं, की तीस वर्षांचा रंधा गेला वाऱ्यावर.

“आत्याबाई! तुमाला म्हाईत व्हतं! त्या बाईनं कळंब म्हनल्तं तवाच का न्हाई बोलला? आपल्या घरात तिथंच मिटलं असतं. सुपारी फुटली, गावभर झालं, पोरीचं हसं केलंसा!”

“तूच सांगिटल्तंस,” हरणाबाई म्हणाल्या. “पावनं उठूस्तवर तोंड उघडायचं न्हाई म्हून.”

“पावनं गेल्यावर तरी बोलायचं!”

“पावनं गेल्यावर तू मला काय इचारल्तंस? तुज्या घरात मी इचारल्याबिगर बोलती का?” म्हातारीचे डोळे सुनेवरून हलले नाहीत. “नातीसाठी बोलायला पायजे व्हतं. तुज्यावरच्या रागापायी न्हाई बोलले. आता जा, लिव्ह तुज्या बोर्डावर, शब्द खायाचं न्हाईत म्हून.”

अंजनाबाई वळल्या. दारात पूजा उभी होती, हातात अजून फोन. रडून तोंड सुजलं होतं.

“यूड टोल्ड हर टू कीप क्वाएट, मम्मा,” ती म्हणाली.

अंजनाबाईंचं तोंड सवयीनं उघडलं.

“कर की दुरुस्त,” पूजा म्हणाली. “कर ना.”

पूजा त्यांच्या अंगावरून आत गेली, आजीलाही ओलांडून, आणि खोलीची कडी आतून लावून घेतली.