वेशीवरचं शेंदरी अक्षर

मंडळी, आज जेवणाच्या सुट्टीत बोईसरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर माझं अख्खं गाव जळालं.

फ्लॉपीवरच्या या गाव वसवायच्या खेळात चित्रं नाहीत, नुसती रंगीत अक्षरं आहेत. हिरवं म्हणजे शेत, निळं म्हणजे पाणी. आज वेशीवर एक शेंदरी अक्षर उमटलं. मला वाटलं, मारुती आला. मी हात जोडले.

"दादा, नमस्कार कसला करता? आग हाय ती!" शेजारी बसलेला नवापूरचा काशिनाथ ओरडला. तोवर सगळी घरं शेंदरी झाली होती.

नवं गाव लगेच वसवायला घेतलंय, वेशीला लागूनच विहीर ठेवून. आता मी फसणार नाही. मारुती जागचा हलत नाही, आग पसरते.

खरं सांगा, तुम्ही आधी पाणी आणलं असतं की हात जोडले असते?