फ्यूजच्या जागी तार

मोटार मालकाची, पण मी तिला घरच्या बैलासारखी जपायचो. खंडेनवमीला तिला धुतली, पुढं नारळ फोडला आणि उत्साहाच्या भरात सगळं पाणी डाव्या दिव्यावर ओतलं. दिवस भरलेल्या बायकोनं त्यावरच हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याला दुपारी तिला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आहे, जालन्याच्या दवाखान्यात न्या, असं सुईणीनं सांगितलं. मालकानं मोटार दिली. मागच्या सीटवर गोधडी अंथरून तिला निजवलं, उशाशी माझी आई बसली. वाटूर मागं पडलं आणि दिवस मावळला. मी दिवे लावले. लागले आणि लगेच गेले.

फ्यूज उडाला होता. काचेच्या नळीतली बारीक तार जळून गेलेली. जवळ होता तो एकुलता एक नवा बसवला, तोही गेला. रस्त्यावर सोनं लुटून परतणाऱ्या बैलगाड्या, एकीलाही कंदील नाही. दिव्याशिवाय निघालो असतो तर कुणाच्या तरी बैलांवर आदळलो असतो.

"आरं, जल्दी कर. पोरगी गार पडून राह्यली," आई म्हणाली.

फ्यूज का उडाला ते आधी बघायचं, त्याच्या जागी तार कधी घालायची नाही, हे मोटार शिकवणाऱ्या उस्तादानं कान पिळून शिकवलं होतं. तरी मी वायरीचा तुकडा सोलला आणि आतल्या तांब्याच्या तारांचा जाड पीळ खोचला. दिवे लखलखले. मोठा शहाणाच मी!

कोसभर गेलो नाही तोच जळका वास आला. माझ्या पायाजवळून धूर निघाला. पेट्रोलची टाकी मागं, बायकोच्या सीटखाली. इतका मी जन्मात कधी घाबरलो नाही. मोटार थांबवून उघड्या बोटांनीच पीळ उपसला. कातडी त्यालाच चिकटली.

"काय झालं वो?" तिनं विचारलं.

"काय न्हाई."

डावा दिवा उघडला. आत ओलं कुंकू आणि नारळाच्या पाण्याचा चिकटा. त्या दिव्याची वायर तोडली, पिळातली एकच केसाएवढी तार फ्यूजच्या जागी लावली, आणि उजव्या दिव्यावर, वास घेत घेत, जीव मुठीत धरून जालना गाठलं.

मुलगी झाली. दोघी वाचल्या. पूजा केल्ती म्हणून मोटार पोचली, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. खरं सांगायची माझी कधी हिंमत झाली नाही. पुढं दर खंडेनवमीला ती नारळ हातात द्यायची आणि मी तो मोटारीपासून दहा पावलं लांब, दगडावर फोडायचो. लेकीला कडेवर घेऊन ती हसायची.

"नारळाला एवढं काय भ्यायचं वो?"